मर्जरच्या वेळी सांगितलेलं किती खरं झालं, ते कोण सांगणार? सेबीच्या अध्यक्षांना सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सेबी,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

साहेब, स.न.वि.वि.

पत्र लांब होणार आहे म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ मिळाला नाही तरी काम होईल. दोन लिस्टेड कंपन्या एकत्र झाल्या की पुढची तीन वर्षं त्या कंपनीने दर क्वार्टरच्या रिझल्टसोबत एक पान जोडायचं, त्यात डावीकडे मर्जरच्या वेळी शेअरहोल्डरला काय काय सांगितलं होतं आणि उजवीकडे आज काय झालंय, एवढंच. हे मी खास करून टेक्नॉलॉजी कंपन्यांसाठी मागतोय. सिमेंटची कंपनी दुसरीला घेते तेव्हा भट्ट्या मोजता येतात, टन मोजता येतात, आयटी कंपनीत मोजायला असतं काय, माणसं आणि ग्राहक, आणि दोन्ही कधीही उठून चालते होऊ शकतात.

जगावेगळं काही मागत नाहीये आम्ही. आयपीओत कंपनीने १०० कोटींच्या वर नवा पैसा उचलला तर तो सांगितलेल्या कामालाच लागतोय का हे बघायला तुम्ही मॉनिटरिंग एजन्सी नेमायला लावता. पैसा दुसरीकडे वळवला तर दर क्वार्टरला तसं स्टेटमेंट एक्सचेंजला द्यायला लावता. चांगलं आहे की. पण तीच कंपनी मर्जरमध्ये हजारो कोटींचे नवे शेअर छापून दुसऱ्या कंपनीच्या शेअरहोल्डरला वाटते तेव्हा? त्यातून रोख पैसा येत नाही म्हणून देखरेखही नाही. अहो, माझा मालकीचा हिस्सा पातळ झाला ना, तो पैसाच आहे की माझा.

मी कोण, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघणारा माणूस. संध्याकाळी नवी पेठेत एका टॅक्स कन्सल्टंट मित्राच्या ऑफिसात आमचा कट्टा जमतो. सुताचे व्यापारी आहेत, एलआयसीचे एजंट आहेत, रिटायर झालेले शिक्षक आहेत, पूर्व भागातले एक पॉवरलूमवाले आहेत जे आकडे तेलुगूत मोजतात आणि भांडतात मराठीत. करोडपती कोणी नाही. पण सोलापूरच्या माणसाने एवढ्या मोठमोठ्या गिरण्या बंद पडताना बघितल्यात की बोर्डावर नाव काय लिहिलंय यापेक्षा आतली मशिनं चालू आहेत का हे बघायची सवय लागलीय, आणि मर्जर झालेल्या कंपनीत नेमकं तेच बघता येत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

जवळून बघितलेलं एक उदाहरण देतो. आमच्या कट्ट्यावर एक बाई येतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्याकडे माइंडट्री या आयटी कंपनीचे १०० शेअर होते. २०१९ मध्ये एल अँड टीने कॅफे कॉफी डेवाल्या सिद्धार्थ यांचा माइंडट्रीतला वीस टक्क्यांचा हिस्सा ९८० रुपयांनी घेतला, माइंडट्रीच्या संस्थापकांनी जाहीर विरोध केला तरी ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या शेअरहोल्डरकडूनही शेअर घ्यायची जाहीर ऑफर, आणून कंपनी ताब्यात घेतली, ते सगळं प्रकरण आम्ही पेपरात वाचत होतो, बाईंनी त्यात एकही शेअर दिला नाही. मग ६ मे २०२२ ला जाहीर झालं की माइंडट्री आणि एल अँड टीचीच दुसरी आयटी कंपनी, एल अँड टी इन्फोटेक, एकत्र होणार, माइंडट्रीच्या १०० शेअरला इन्फोटेकचे ७३. नोव्हेंबरात मर्जर पूर्ण झालं, नाव एलटीआयमाइंडट्री. थोड्याच दिवसांत बाई डिमॅटच्या स्टेटमेंटची प्रिंट घेऊन आल्या, ७३ या आकड्याला लाल पेनाने गोल केलेला, अगदी पेपर तपासल्यासारखा, आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, माझे सत्तावीस शेअर कुठं गेले हो?

पॉवरलूमवाले म्हणाले, बाई, शंभराच्या नोटेचे त्र्याहत्तर झाले नाहीत, नोटच बदलली, नव्या नोटेवर काय छापलंय ते बघायचं. बाईंना काही ते पटलं नाही. त्यात भर म्हणजे ब्रोकरच्या अ‍ॅपवर सरासरी खरेदी किमतीच्या जागी नुसती रेघ. कोणता ब्रोकर ते सोडा, बऱ्याच जणांना हा अनुभव आहे. हिशेब तसा अवघड नाही, समजा ७३० ला घेतलेले १०० शेअर, म्हणजे ७३,००० रुपये, भागिले ७३, नव्या शेअरची किंमत पडली हजार रुपये, आणि इन्कम टॅक्सला खरेदीची तारीख जुनीच धरतात, मर्जर म्हणजे विक्री धरत नाहीत. हे चार ओळीत कंपनीने एसएमएस करून सांगायला काय हरकत होती? पन्नास शेअरवाल्याला साडेछत्तीस बसतात, त्यातला अर्धा शेअर विकून पैसे खात्यात येतात, ती रक्कम बँकेत दिसली की माणूस म्हणतो डिव्हिडंड आला वाटतं. असो, हे किरकोळ झालं.

खरा हिशेब पुढे आहे. त्या दिवशी आम्ही बाईंच्या स्टेटमेंटच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक मांडणी केली आणि दर वर्षी रिझल्ट आले की तीच पुढे नेतो. माइंडट्रीचा २०२१-२२ चा नफा होता १,६५३ कोटींच्या आसपास, शेअरमागे साधारण १०० रुपये. म्हणजे बाईंच्या १०० शेअरच्या वाटणीला १०,००० रुपयांचा नफा. एलटीआयमाइंडट्रीचा २०२४-२५ चा नफा ४,६०० कोटींच्या आसपास, शेअरमागे साधारण १५५. आता बाईंकडे ७३ शेअर, गुणाकार केला की ११,३१५. तीन वर्षांत दहा हजाराचे सव्वाअकरा हजार झाले. १,६५३ कोटींच्या कंपनीची मालकीण ४,६०० कोटी नफ्याच्या कंपनीची मालकीण झाली असं ऐकायला भारी वाटतं, आणि प्रेझेंटेशनमध्ये पहिल्या पानावर असाच मोठा आकडा असतो, पण बाईंच्या वाटणीला आलं ते एवढंच. मर्जर झालेल्या कंपनीचा शेअर तोलायचा तर आमच्या मते सुरुवात इथून करायची, जुन्या एका शेअरमागे तेव्हा किती कमाई होती आणि त्याच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यामागे आज किती आहे. ही ओळ मी आजवर कुठल्याच कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये बघितली नाही.

आता यावर कोणी म्हणेल की मर्जर फसलं. मी तसं म्हणत नाहीये, आणि माझी तक्रार तीच आहे की मला तसं म्हणताही येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. एकत्र कंपनीची विक्री २०२२-२३ मध्ये ३३,१८३ कोटी होती ती २०२४-२५ मध्ये ३८,००८ कोटी झाली, म्हणजे चौदा टक्क्यांच्या वर वाढ, नफा मात्र ४,४१० कोटींवरून ४,६०२ कोटी, चार टक्के आणि थोडा. मग मधलं मार्जिन, म्हणजे विक्रीतून उरणारा नफ्याचा टक्का, गेलं कुठं? त्याच काळात अमेरिकेतल्या ग्राहकांनी हात आखडता घेतला होता, टीसीएस-इन्फोसिसचीही वाढ मंदावली होती, त्यांचं तर काही मर्जर नव्हतं. तर यात बाजाराचा वाटा किती, दोन कंपन्यांचे पगार, ऑफिसं, सिस्टिम एकत्र करायचा खर्च किती, मर्जरमुळे सुटलेला ग्राहक किती, आणि मर्जर झालं म्हणूनच मिळालेलं नवीन काम किती, हे वेगळं करून दाखवायला माहिती लागते आणि ती फक्त कंपनीकडे आहे. सतरा-अठरा टक्के मार्जिनवर पोचायचं असं मॅनेजमेंटने सांगितलं होतं, जानेवारी २०२४ मध्ये ते पुढे ढकललं गेलं, इकडे गड्ड्याची जत्रा चालू होती आणि तिकडे शेअर एका दिवसात दहा टक्क्यांच्या आसपास पडला. त्या दिवशी कट्ट्यावर निम्मे म्हणत होते विका, निम्मे म्हणत होते अजून घ्या, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बाजू अंदाजपंचे बोलत होत्या. मुंबईतला अ‍ॅनालिस्ट कॉन्कॉलवर, म्हणजे रिझल्टनंतर कंपनी फोनवर घेते त्या बैठकीत, प्रश्न तरी विचारू शकतो, आम्ही त्याची ट्रान्सक्रिप्ट वाचतो, आणि त्यात उत्तर असतं की इंटिग्रेशन ट्रॅकवर आहे. ट्रॅकवर म्हणजे कुठं, कुर्डूवाडीला की दौंडला?

एक तांत्रिक गोष्ट आहे, ती मुद्दाम सविस्तर लिहितो कारण ती कोणी सांगत नाही. एका कंपनीने बाहेरची कंपनी जास्त पैसे देऊन घेतली की जो जास्तीचा पैसा दिला तो ताळेबंदात गुडविल म्हणून बसतो, आणि आपल्या इंड एएस, म्हणजे हिशेबाच्या भारतीय नियमाप्रमाणे, दर वर्षी तपासावं लागतं की ते गुडविल अजून तेवढ्या किमतीचं आहे का. नसेल तर लिहून टाकायचं, तोटा दाखवायचा. उशिरा का होईना, पण सौदा महाग पडला हे पुस्तकात उमटतं. एचपीने २०११ मध्ये ऑटोनॉमी नावाची ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी अकरा अब्ज डॉलरच्या आसपास घेतली आणि २०१२ च्या नोव्हेंबरात ८.८ अब्ज डॉलर लिहून टाकले. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा एप्रिल २०१४ मध्ये ताब्यात घेतला, जुलै २०१५ मध्ये ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवले. शेअरहोल्डरचं नुकसान व्हायचं ते झालंच, पण निदान कागदावर कबुली आली.

पण आपल्याकडे बरीच मर्जर एकाच प्रमोटरच्या, म्हणजे मुख्य मालकाच्या, दोन कंपन्यांमध्ये होतात. तिथे इंड एएस १०३ च्या परिशिष्टाप्रमाणे पूलिंग करायचं, म्हणजे दोन्हींचे जुने पुस्तकी आकडे नुसते एकाखाली एक मांडून बेरीज. एलटीआयमाइंडट्रीचं असंच झालं कारण दोन्ही आधीपासून एल अँड टीच्याच होत्या. यात चूक काही नाही, नियमच आहे. पण परिणाम बघा, बेरजेतून नवीन गुडविल तयारच होत नाही, म्हणजे पुढे ते तपासायचा प्रश्न नाही, म्हणजे हे मर्जर जमलं की नाही हे ताळेबंद कधीच, दहा वर्षांनीसुद्धा सांगणार नाही. हिशेबनीस म्हणून मला हे फार खटकतं. ज्या मर्जरमध्ये प्रमोटर टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला असतो, तिथेच नंतरचा हिशेब सगळ्यात कमी. मंजुरीच्या वेळी तुम्ही काळजी घेता हे मान्य आहे, व्हॅल्युएशन रिपोर्ट लागतो, फेअरनेस ओपिनियन, म्हणजे भाव रास्त आहे असं मत, लागतं, बऱ्याच स्कीममध्ये पब्लिक शेअरहोल्डरची मतं वेगळी मोजली जातात, मग एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचं न्यायाधिकरण. लग्नाआधी पत्रिका दहा ठिकाणी दाखवतात, पण नंतर संसार कसा चाललाय हे विचारायला कोणी जात नाही. म्हणूनच हे पत्र.

नुसता बचतीचा आकडा मागूनही भागत नाही, हे आम्हाला व्होडाफोन-आयडियाने शिकवलं. सोलापुरात हा शेअर घरोघरी आहे, पाच-दहा रुपयांचा शेअर म्हणून पोरंसुद्धा घेतात. ३१ ऑगस्ट २०१८ ला मर्जर पूर्ण झालं तेव्हाच्या प्रेस नोटमध्ये वर्षाला १४,००० कोटींचा फायदा लिहिला होता, त्यातले ८,४०० कोटी रोजच्या खर्चातली बचत. आता गंमत बघा, ही कंपनी नंतर प्रत्येक क्वार्टरला बचत किती झाली ते सांगत होती, त्याबद्दल तिला मार्क दिले पाहिजेत, आणि बचत होतही होती. एकाच गच्चीवर दोघांचे टॉवर होते तिथे एक ठेवला, दोन दुकानांचं एक केलं. पण त्याच काळात ग्राहक जिओ आणि एअरटेलकडे चालले होते. मर्जरच्या वेळी ४० कोटींच्या वर ग्राहक होते, आता निम्म्याच्या आसपास आहेत. २०१९ मध्ये साडेबारा रुपयांनी २५,००० कोटींचा राइट्स इश्यू, म्हणजे जुन्याच शेअरहोल्डरला नवे शेअर, आणला, त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला एजीआरचा, म्हणजे टेलिकॉम कंपनीने उत्पन्नातला किती वाटा सरकारला द्यायचा त्याचा, सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला आणि कंबरडंच मोडलं. पुढे थकबाकीच्या बदल्यात सरकारने दहा रुपयांनी शेअर घेतले, २०२३ मध्ये एकदा आणि २०२५ मध्ये परत, आज जवळजवळ निम्मी मालकी सरकारची. म्हणजे बचतीच्या रकान्यात टिक, आणि शेअरहोल्डर मात्र पार झोपला. एजीआरचा दोष मर्जरवर टाकता येणार नाही, पण ग्राहकाचं काय? दोन नेटवर्क जोडताना किती ग्राहक वैतागून गेले आणि किती नुसते स्वस्त मिळतंय म्हणून गेले? सांगायचा मुद्दा, पानावर खर्चाची बचत एकटी नको, तिच्या शेजारी ग्राहक पाहिजे, नाहीतर हात-पाय कापून वजन कमी केल्याचंही कौतुक करत बसू आपण.

उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस मर्जरच्या विरोधातच आहे. पूर्व भागातल्या लोकांचं हैदराबादशी येणंजाणं, सोयरिक, त्यामुळे सत्यम ही तिथली आयटी कंपनी घरचीच वाटायची. ७ जानेवारी २००९ ला तिचे संस्थापक रामलिंग राजूंचं खोट्या हिशेबांचं कबुलीपत्र आलं आणि एका दिवसात शेअरची पाऊण किंमत उडाली. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने ५८ रुपयांची बोली लावून कंपनी घेतली. पण घेतली म्हणून लगेच स्वतःत मिसळून टाकली नाही. आधी खोट्या खात्यांची साफसफाई करून २०१० मध्ये नवे आकडे जाहीर केले, अमेरिकेतल्या शेअरहोल्डरचा दावा साडेबारा कोटी डॉलर देऊन मिटवला, सत्यमचा धंदा त्या काळात वेगळा लिस्टेड राहिला त्यामुळे तो सावरतोय का बुडतोय हे आपल्या डोळ्याला दिसत होतं. मार्च २०१२ ला मर्जर जाहीर, सत्यमच्या १७ शेअरला टेक महिंद्राचे २, आणि पूर्ण झालं जून २०१३ ला. सत्रास दोन ऐकून त्या वेळीही कट्ट्यावर दंगा झाला होता, पण ज्याला ताळा करायचा होता त्याच्याकडे तीन वर्षांचे खरे आकडे होते. टेक महिंद्राचा धंदा बीटी या एकाच ब्रिटिश टेलिकॉम ग्राहकावर फार अवलंबून होता, सत्यममुळे टेलिकॉमच्या बाहेरचे ग्राहक मिळाले, हे कारणही कुणालाही समजण्यासारखं होतं. मर्जरचं कारण एका वाक्यात सांगता येत असेल आणि ते वाक्य खरं झालं का हे मोजता येत असेल, तर आमच्यासारखा माणूस शांतपणे शेअर धरून बसतो.

आमच्याकडे माहितीचा दुसरा एक झरा आहे, तो म्हणजे पोरं. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली निम्मी पोरं हिंजवडीला नाहीतर हैदराबादला. शनिवार-रविवार हुतात्मा एक्स्प्रेसने घरी आली की सांगतात, काका, मेल आयडी बदलला, काका, दोन एचआर पॉलिसी आहेत अजून, त्यांना जास्त सुट्ट्या आम्हाला कमी, आमचा मॅनेजर गेला आणि जाताना टीममधले चारजण घेऊन गेला. यातलं कंपनीचं गुपित काही नसतं, नुसती कुरकुर असते, पण खरं सांगू का, मर्जर जमतंय की नाही याचा आम्हाला मिळालेला सगळ्यात पहिला सुगावा बहुतेक वेळा याच कुरकुरीतून आलाय. वरची माणसं टिकली का? जुनी टीम जुन्या ग्राहकासोबत आहे का? आयटीचा ग्राहक कंपनीच्या नावापेक्षा त्या दहा माणसांना ओळखत असतो. आता कंपन्या अ‍ट्रिशनचा, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांचा, टक्का देतात, पण तो सगळ्यांचा मिळून एक. गेलेला माणूस कालचा फ्रेशर होता का वीस वर्षं ग्राहक सांभाळणारा होता, आणि कुठल्या बाजूचा होता, हे त्या एका टक्क्यात विरघळून जातं.

आणि कोणी असं समजू नये की हा फक्त शेअर निवडून घेणाऱ्यांचा प्रश्न आहे. एलटीआयमाइंडट्री १३ जुलै २०२३ ला निफ्टी ५० या पन्नास बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात आली, एचडीएफसीच्या जागी, जी स्वतःच बँकेत विलीन होऊन गेली होती, आणि सप्टेंबर २०२४ च्या शेवटी बाहेर पडली. म्हणजे ज्याची निफ्टी फंडात पाचशे रुपयांची एसआयपी आहे, त्या बिडी कारखान्यातल्या क्लार्कनेसुद्धा नाव न ऐकता हा शेअर आत घेतला आणि बाहेर काढला.

तर आता त्या पानावर काय पाहिजे ते सांगतो. सगळ्यात वर जुन्या दोन्ही कंपन्यांच्या एकेका शेअरमागची कमाई, मर्जरआधीच्या वर्षाची आणि आजची, शेअर बदलायचा रेशो लावून. मग मर्जर लागू झालं त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे जे वीस-वीस मोठे ग्राहक होते, त्यांच्याकडून तेव्हा किती उत्पन्न होतं आणि आज किती, नावं नकोत, बेरीज द्या. हा आकडा आमच्या मते सगळ्यात मोलाचा, कारण नवीन ग्राहकांच्या गलबल्यात जुना ग्राहक कधी निसटला ते कळत नाही. मग मर्जरच्या दिवशीच्या वरिष्ठ लोकांपैकी किती शिल्लक आहेत. मग एकत्रीकरणाचा खर्च वेगळ्या ओळीत, आणि त्याला मुदत, कारण एकदाच होणारा खर्च म्हणून तिसऱ्या वर्षीही तीच ओळ दिसली तर तो एकदाच होणारा खर्च नव्हे, तो नेहमीचाच झाला. आणि मागच्या आठ क्वार्टरचे दोन्ही कंपन्यांचे आकडे एकाच पद्धतीने मांडून, नाहीतर मर्जरनंतरच्या पहिल्या वर्षी विक्री पन्नास-साठ टक्के वाढली असं दिसतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आकड्यांची तुलना करू नये. मग छापले कशाला?

कंपन्या म्हणतील ही धंद्याची गुपितं आहेत, स्पर्धकाला कळेल. चाळीस ग्राहकांच्या बेरजेतून स्पर्धकाला काय कळणार? आणि जे टार्गेट स्वतःहून प्रेझेंटेशनमध्ये छापलं, टीव्हीवर येऊन सांगितलं, ते पुरं झालं का हे सांगणं गुपित कसं? सांगायचंच नसेल तर आधीही सांगू नका, मग शेअरहोल्डर मत देताना तेवढं समजून घेईल. भविष्याबद्दल बोललो आणि चुकलं तर केस होईल, ही भीती मी समजू शकतो, त्यासाठी प्रामाणिकपणे सांगितलेल्या आणि चुकलेल्या अंदाजाला तुम्ही संरक्षण द्या, आमची हरकत नाही. चुकलेल्या अंदाजाचा राग येत नाही हो, अंदाज गुपचूप गायब होतो त्याचा येतो.

बाहेर हा विचार चालू झालेला आहे. लंडनच्या आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्डाने मार्च २०२४ मध्ये एक मसुदा काढला, मोठी कंपनी विकत घेतली तर घेताना काय उद्दिष्टं होती आणि पुढे ती साधतायत का हे जाहीर करा असा. गुपिताच्या तक्रारीलाही त्यात काही सूट ठेवलीय. पण आपण त्याची वाट बघत बसलो तरी आपलं भागणार नाही, कारण एकाच प्रमोटरच्या दोन कंपन्यांचं मर्जर त्या नियमाच्या कक्षेतच येत नाही. त्यामुळे ती गळती तुम्हालाच बुजवायला लागेल. आणि तुमच्या घरातच नमुना तयार आहे, आयपीओ आणणाऱ्या कंपनीला केपीआय, म्हणजे धंद्याचे मुख्य आकडे, जाहीर करायला लावले आणि लिस्टिंगनंतरही किमान वर्षभर द्यायला लावले, ते तुम्हीच केलंत. तोच धागा मर्जरपर्यंत ओढायचा आहे फक्त.

अजून एक, हे पान मराठीतही पाहिजे. मर्जरची सगळी स्कीम, म्हणजे पूर्ण प्रस्ताव, मराठीत करा असं म्हणत नाही, ती तीनशे पानं इंग्रजीतही कोणी वाचत नाही, वकील सोडून. पण मत द्यायची लिंक येते त्या मेलसोबत एक पान, माझ्या १०० शेअरचे किती होणार, का करताय, यात प्रमोटरचा हिस्सा वाढणार का कमी होणार, टॅक्सचं काय. इथे कन्नड बोलणारी घरं आहेत, तेलुगू बोलणारी आहेत, शाळा मात्र बहुतेकांची मराठीतली. मोबाइलवर मत द्यायची सोय तुम्ही केलीत, मस्त केलंत, पण आमच्या कट्ट्यावर मर्जरच्या ठरावावर मत देणारे मोजायला एक हात पुरतो, कारण कशावर मत देतोय तेच कळत नाही आणि कळल्यावर मुदत संपलेली असते.

मसुदा काढलात तर लोकांच्या सूचनांसाठी वेबसाइटवर टाकताच तुम्ही, तेव्हा मुदत जरा बरी द्या आणि शक्य झालं तर मार्च एंडच्या तोंडावर टाकू नका. आमचा निम्मा कट्टा तेव्हा चलनं भरण्यात बुडालेला असतो.

आपला,
एक लहान शेअरहोल्डर, सोलापूर

ता. क. : ते पान एक्सेल शीटमध्ये द्यायला लावा. कागद प्रिंट काढून, सही करून, परत वाकडा स्कॅन करून पीडीएफ चढवायची पद्धत आहे ना काही कंपन्यांची, त्यातला आकडा कॉपी होत नाही आणि आठ की तीन तेही कळत नाही. बाईंना मी भिंग आणून दिलंय, पण ते रिझल्टच्या दिवशी सगळ्यांनाच पाहिजे असतं.